अडकलेला निरोप

मी नेटवर्कची पेटी बोलतेय. आकाराने प्रवासी बॅगेएवढी. आत बॅटरी, वर उभा करायचा अँटेना. पूर येतो, जमीन हादरते, मोबाइलचे टॉवर आडवे होतात, तेव्हा मला उचलून नेतात.

मला जुळवलं नोकरदार इंजिनियरांनी, सुट्टीच्या दिवशी, त्यांच्यातल्या एकीच्या गॅरेजमध्ये. तिला सगळे ताई म्हणतात. कुठे आपत्ती आली की ही मंडळी साहेबाला काहीबाही सांगून रजा टाकतात आणि घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला निघतात.

मागच्या पुरात त्यांनी मला एका शाळेच्या गच्चीवर लावलं. खाली वर्गावर्गात पुरातून निघालेली माणसं होती. मी सुरू झाले आणि सगळे एकदम बोलू लागले. एक आजीबाई फोनवर लेकाला ओरडल्या, "मेल्या, रडतोस काय? आधी जेवलास का ते सांग!"

मग अडकून पडलेले मेसेज येऊ लागले. तिथे एक शिंपीदादा होते. ते कापड आणायला बाहेर पडले होते आणि मागे रस्ता बुडाला. बायको घरीच राहिली. आता त्यांच्या फोनवर तिचा मेसेज आला: 'पाणी जिन्यापर्यंत आलंय. तुमचं मशीन वर नेलंय. मी गच्चीवर जाते. लवकर या.'

मेसेजवर वेळ आत्ताची होती. दादांचा जीव भांड्यात पडला. शेजारून मेसेज वाचणारी ताई त्यांच्याआधी ओरडली, "अहो, वहिनी गच्चीवर आहेत!" आणि होडीवाल्यांना हाका मारत धावली.

अशा वेळी फोन मेसेज पोचल्याची वेळ दाखवतो, निघाल्याची नाही. हे ताईला पाठ होतं. नव्या लोकांना तीच शिकवते. त्या घटकेला मात्र ती विसरली. मेसेज पाणी चढलं त्या दिवसाचा होता.

संध्याकाळी होडी परतली. होडीत दादा होते आणि मशीन होतं, चादरीत नीट गुंडाळून दोरीने बांधलेलं. वहिनी कुठेच नव्हत्या.

"दादा, माझं चुकलं. मेसेज जुना होता," ताई म्हणाली.

"असू दे," ते म्हणाले. "तुम्ही तरी काय करणार?"

ते चार्जिंगच्या टेबलापाशी बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी लिहिलं: 'मशीन मिळालं. तू कुठे आहेस?'

समोरचा फोन बंद असला की निरोप मी पोटात ठेवते आणि अधूनमधून देऊन बघते. हाही देऊन बघितला, पोचला नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. ताईही म्हणते, तिला हल्ली काही वाटत नाही.

आता मी पुन्हा गॅरेजमध्ये आहे. दुसरीकडे भूकंप झालाय. निघण्याआधी आतले न पोचलेले निरोप पुसून माझं पोट रिकामं करायची रीत आहे. दादांचा निरोप अजून आतच आहे. बाहेर गाडी सुरू करून सगळे थांबलेत. ताई बटणापर्यंत बोट नेते आणि "पाणी पिऊन येते" म्हणत उठते.

बाई गं, पुसून टाक. तिकडे इतरांचे निरोप अडकलेत. फक्त पुसण्याआधी एकदा वहिनींचा नंबर लावून बघ.