देवळाकडची खोली

मिशीचं उजवं टोक काही केल्या बसत नव्हतं. डावं बसलं होतं, जन्मापासून तिथंच असल्यासारखं, पण उजवं डिंक सुकेपर्यंत बोटाने दाबून धरलं तरी जानकीने श्वास सोडला की हळूच उचलायचं. आरशात अर्धा राजा आणि अर्धी जानकी. मागे खुर्चीत तिचा नवरा धाकू, आणि त्याचं तोंडही आरशात, आणि त्याच्याही ओठांचा उजवाच कोपरा उतरलेला... तिने बोट काढलं. टोक उचललं. धाकू हसला. अर्ध्या तोंडाने माणूस इतकं पूर्ण हसू शकतो हे तिला आषाढापर्यंत ठाऊक नव्हतं.

"हसतास काय," ती म्हणाली. "तुमच्या वेळेक कसा चिकटवत होतात तां सांगा."

सांगता येणार नव्हतं, हे विचारल्यावर लक्षात आलं. पण त्याने डावा हात उचलून स्वतःच्या ओठावर आडवा फिरवला, दोनदा. घाम पूस आधी, घाम. तिने पदराने ओठ कोरडा केला, पुन्हा डिंक लावला, आणि टोक बसलं.

गावच्या जत्रेच्या नाटकात वीसेक वर्षं राजा म्हणजे धाकू. राजे बदलायचे, धाकू तोच. यंदा पहिल्यांदाच बायकांचं नाटक होणार होतं, सगळ्या भूमिका बायकांच्या, आणि राजा कोण यावर नाटक बसवणाऱ्या शेवंतीने एका वाक्यात निकाल लावला होता, की घरात राजा ऐकून ऐकून जिचे कान किटले तीच करील. नाटक गावच्याच सखाराम मास्तरांनी लिहिलेलं. राज्यात दुष्काळ पडतो, प्रधान म्हणतो लोकांनी पाणी उधळलं, राजा दरबारात उभा राहून त्याला उत्तर देतो. ते उत्तर जानकीला पाठ होतं. फक्त एका जागी ती अडायची, रोज, त्याच जागी, जसं ठेच लागणाऱ्या दगडावर माणूस बरोबर पाय नेऊन ठेवतो. ती अडली की धाकू खुर्चीच्या दांडीवर बोटाने टकटक करायचा. शब्द यायचे नाहीत. चहा हवा असला तर तो 'साबू' म्हणायचा, आणि साबण नव्हे चहा हे त्यालाही कळायचं, म्हणून कपाळाला आठ्या, आणि मग दोघंही हसायची, कारण दुसरं काय करणार.

आषाढातल्या त्या सकाळी त्याच्या हातातून दात घासायचा ब्रश पडला होता. एवढंच. तो उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला, उजवी बाजू गेली. आधी शिरगावच्या खाणीवर ट्रक, खाण थांबली तेव्हापासून मोपाच्या विमानतळावर टॅक्सी, असा सतत चाकावर बसलेला माणूस, आणि शेवटी ब्रश. रक्तदाबाच्या गोळ्या त्याला दिलेल्या होत्या. डोकं दुखलं त्या दिवशी घ्यायचा. बरं वाटतंय तर गोळी कशाला, हे त्याचं म्हणणं, आणि त्यात काही चूक आहे असं जानकीलाही वाटत नसे, कारण घरातल्या बाकी सगळ्या गोष्टी तशाच तर चालतात, की दुखेल तिथे औषध, मोडेल तिथे खिळा. नंतर डिचोलीच्या अंकिताने सांगितलं, की या गोळीचं कामच हे, काही होऊ न देणं. काही झालं नाही म्हणजे ती काम करतेय. जानकीला हे फार आवडलं होतं, आणि आवडलं म्हणून रागही आला होता... इतकी साधी गोष्ट. आधी कुणी अशी का नाही सांगितली?

अंकिता फिजिओथेरपिस्ट, सरकारी. आठवड्यातून दोनदा स्कूटरवरून गावच्या उपकेंद्रात यायची, धाकूला दोन समांतर दांड्यांमध्ये उभं करून चालवायची, आणि चालवता चालवता बोलतं करू पाहायची. रोजचं बोलणं आणि पाठ केलेलं बोलणं मेंदूत एकाच वाटेने येत नाही, असं ती म्हणायची. काकांची एक वाट बंद आहे, दुसरी असेल. गाणं म्हणतात का काका? जानकी म्हणाली, गाणं नाही, नाटक. अंकिताचे डोळे असे चमकले, की जणू तिलाच काहीतरी बक्षीस मिळालं.

मग श्रावणात उपकेंद्राच्या छताचा गिलावा कोसळला. कुणाला लागलं नाही. नर्सबाई व्हरांड्यात टेबल टाकून बसू लागल्या, दांड्या आणि खाट ओल्या कोपऱ्यात भिजत पडली, आणि अंकिताचं येणं थांबलं. एकदा ती घरी येऊन गेली, आपल्या सुटीच्या दिवशी, आणि उंबऱ्यात चपला घालताना म्हणाली, "काकू, सरकारने मला पगार दिलाय, जागा नाही दिली. पहिल्या काही महिन्यांत जेवढं परत येतं तेवढं नंतर येत नाही. कुठेही द्या, कोरडी खोली द्या, मी येते." छताची दुरुस्ती पुढच्या वर्षीच्या निधीत होती. पुढचं वर्ष... धाकूच्या पायाला पुढचं वर्ष कोण समजावणार?

आणि कोरडी खोली गावात होती. देवळाच्या मैदानाला लागून, पंचायतीने नुकतीच बांधलेली. फरशी, मोठी खिडकी, आत पाणी, दाराशी पायऱ्यांच्या जागी उतार. ती खोली मागितली होती जानकीनेच. उन्हाळ्यात, धाकू धडधाकट असताना, सरपंच संदीपला रस्त्यात गाठून. पुरुष देवळामागे कुठेही कपडे बदलतात, बायकांनी काय करायचं, दोन साड्या आडव्या धरून त्यांच्या मागे? संदीपने ऐकलं. खरंच ऐकलं. उतारसुद्धा त्याने पोशाखांचे पेटारे चढवायला म्हणून करवून घेतला. आज ग्रामसभेत तो जाहीर करणार होता, की खोली महिला नाट्यमंडळाची, जत्रेच्या दिवशी आमदारांच्या हस्ते उद्घाटन. जानकीने उठून आभार मानायचे, असं ठरलेलं.

ती मिशी सोलून काढू लागली. ओठ ओढला जाऊन डोळ्यांत पाणी आलं, ते मिशीचं की कशाचं हे तिने स्वतःला विचारलं नाही.

काल ती तीच खोली धाकूच्या व्यायामासाठी मागायला संदीपकडे जाऊन आली होती. तो वाईट माणूस नव्हे. त्याने तिला बसवलं, कोकमचं सरबत दिलं, आणि समजावलं, की खोली वयनीनेच मागितली, आता वयनीच दुसऱ्या कामाला मागते, लोक काय म्हणतील. दांड्या फरशीत रोवायच्या तर बायकांचे पेटारे कुठे? आणि नाटकाला हजार माणसं येतात, व्यायामाला येतील पाच, आमदार कशाची फीत कापतील? हे म्हणताना तो स्वतःच थोडा हसला होता. उठताना मात्र एक वाक्य बोलला, अगदी हळू, मायेने, आणि म्हणूनच ते रात्रभर टोचत राहिलं.

"वयनी, धाकूदादान गोळ्यो वेळेर घेतल्यो असत्यो तर ही वेळ इली नसती. माणसानय आपली काळजी घेवक होयी ना?"

होयी. आपलीच चूक, आणि आपणच हात पसरायचा... मी हात पसरते आहे का? नाट्यमंडळासाठी खोली मागताना हात पसरल्यासारखं का नव्हतं वाटलं? तेव्हा मी रस्त्यात उभी राहून ओरडून मागितली होती, डोक्यावर भाजीची टोपली घेऊन. कपडे बदलायला जागा हवी हे सांगताना मान वर होती, आणि चालायला जागा हवी हे सांगताना सरबताच्या ग्लासात बघत होते.

ग्रामसभा शाळेच्या सभागृहात होती. धाकूला वॉकर धरून यायचंच होतं, आणि त्याला नाही म्हणायला त्याच्याइतका वेळ कुणाकडे नसायचा. शेवंतीने त्याला मागच्या बाजूला दाराजवळ बसवलं, जानकीला आपल्याजवळ ओढलं, आणि तिच्या ओठाकडे बघून म्हणाली, "डिंक रवलो गो. दरबारातसून इल्यासारखी दिसतस." मंडळाच्या सगळ्या बायका खुसखुसल्या. जानकीने ओठ चोळला. खाजत होता.

रस्ता झाला, पथदिवे झाले, कचऱ्यावरून नेहमीची दोन माणसं नेहमीसारखी भांडली. मग संदीपने खोलीचं सांगितलं. टाळ्या. आणि त्याने तिच्याकडे हात केला.

जानकी उठली. चाळीस-पन्नास चेहरे वळले. सभेत ती कधीच बोलली नव्हती, आणि आता तिच्या ध्यानात आलं, उभी राहिल्यावर, की लोकांसमोर बोलायची तिला एकच रीत येते. पोटात श्वास भरला गेला, शेवंतीने शिकवल्यासारखा. डावा पाय पुढे गेला. हनुवटी वर. आणि तोंडातून निघालं —

"दरबारी जन हो! आम्ही आज निवाडा करण्यास उभे आहोत."

सभागृह हशाने असं फुटलं, की खिडकीतली कबुतरं उडाली. शेवंती गुडघ्यांत डोकं घालून हसत होती. संदीपही. जानकीला वाटलं खाली बसावं, जमिनीत शिरावं, पण गंमत अशी, की पाय बसेनात. राजाचे पाय होते ते. आणि लोक हसत होते खरे, पण बघत होते तिच्याकडेच, आणखी मिळेल म्हणून थांबलेले... काल सरबताच्या ग्लासासमोर एवढं कुणी थांबलं नव्हतं. बसू नकोस. जे येतं तेच बोल.

"प्रधानजी," ती म्हणाली, थेट संदीपकडे बघून, आणि पुन्हा हशा उसळला, पण आता त्यात कुतूहल होतं. "तुम्ही म्हणता, दोष प्रजेचा आहे. आम्ही ऐकले. लोकांनी पाणी सांडले... खरे आहे..."

आणि ती अडली. तिथेच. त्याच जागी. डोक्यात सगळं कोरं, पुसलेल्या फळ्यासारखं. पंख्यांची घरघर. एक, दोन श्वास. हशा ओसरू लागला, आणि ओसरल्यावर जी शांतता येते ती येऊ लागली...

"पण तळे बांधायचे कुणी, प्रधानजी?"

आवाज मागून आला. मोठा, गोल, प्रत्येक अक्षर सुटं. गावाला हा आवाज ठाऊक होता. वीस वर्षांच्या जत्रांच्या रात्री ज्याने भरलेल्या, आणि जो आषाढापासून कुणी ऐकला नव्हता. सगळी डोकी वळली. दाराशी धाकू, वॉकरवर डावा हात, डोळे विस्फारलेले, जणू वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं आणि तोही कोण म्हणून बघतोय.

कुणी हसलं नाही. मग सखाराम मास्तर एकटेच टाळ्या वाजवू लागले, आपल्याच वाक्याला, आणि मग सगळे.

टाळ्या थांबायच्या आत जानकी बोलू लागली होती, आणि राजा केव्हा गेला तिला कळलं नाही. घरातलंच बोलणं, घरातल्याच आवाजात, फक्त श्वास पोटातून. "गोळ्यो चुकवल्यो ती चूक तेंची. तेच्यावरसून आमी घरात भांडलव, अजून भांडतव, तां आमी बघतव. पण उपकेंद्राचा छप्पर तेणी पाडूक नाय. अंकिता येवक तयार असा. खोली माका नाटकाकय होयी आणि चलाकय होयी. दोन्ही मागतंय. दांड्यो रोवा, आमी तेंच्यार राजाचे झगे सुकत घालतलव."

शेवंतीने शेजारून सांगितलं, की प्रधानाचा अंगरखाही तिथेच वाळेल, नाट्यमंडळाची काही हरकत नाही. संदीप कपाळ पुसत होता. तो हसत होता, आणि हिशेब करत होता, दोन्ही एकदम, आणि ते चेहऱ्यावर दिसत होतं. तो म्हणाला, विषय नोंदवून घेऊ, आमदारांच्या कानावर घालावं लागेल, पुढच्या बैठकीत बघू. हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. सभा पुढे विहिरीच्या विषयाकडे वळली.

घरी परतताना धाकू काजूच्या बागेजवळच्या मोरीच्या कठड्यावर दमून बसला. जानकी त्याच्याशेजारी बसली, रस्त्याच्या अगदी कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. कालपर्यंत ती अशा वेळी उभी राहायची, त्याला आडोसा करून. आज कोण बघतंय हे बघायचंसुद्धा राहून गेलं. तिने त्याला पुन्हा ते वाक्य म्हणायला लावलं. आलं. मग विचारलं, तहान लागली? तो बराच वेळ शोधत राहिला, तोंड हलवत, आणि भलतंच काहीतरी निघालं, आणि ती इतकी हसली, की एक स्कूटरवाला वळून बघत गेला.

पुढच्या बैठकीत संदीप नाही म्हणू शकतो, हे तिला दिसत होतं. स्पष्ट. कोरडी खोली, चकचकीत फरशी, आणि कुलूप. ते डोळ्यांसमोर आलं तसं तिने बाजूला सारलं नाही, बघू दिलं स्वतःला. भीती होती, पण भीतीच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं होतं, आणि ते बरंच जाडजूड होतं, हलायला तयार नव्हतं. तेव्हा काय बोलायचं? राजाचं वाक्य दुसऱ्यांदा चालणार नाही, लोक आता ओळखतील. आपलंच लागेल... धाकूचे पाय बघायला घरी बोलवावं का संदीपला? की अंकितालाच उभं करावं? की मीच सांगू, अंकिताने सांगितलेलं, त्या गोळीचं, जी काम करते तेव्हा काहीच होत नाही... तिचे ओठ हलू लागले. धाकूने डाव्या हाताचं बोट मोरीच्या दगडावर एकदा वाजवलं — मोठ्याने म्हण — आणि जानकीने, रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून, पहिलं वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं, बरं वाटलं नाही म्हणून मोडलं, आणि मोठ्या हौसेने पुन्हा जुळवायला घेतलं.