मिऱ्यांच्या कुरडया

माझ्या आईचा वैद्यावर विश्वास नव्हता, ज्योतिषावर नव्हता आणि माझ्यावर तर मुळीच नव्हता. तिचा विश्वास फक्त स्वतःच्या नाकावर. आमच्या गावी, जैनथला, शेताच्या बांधावर उभी राहून ती पैनगंगेवरून आलेला वारा हुंगायची आणि सांगायची, "कापूस वेचून घ्या, आभाळ येऊन राह्यलं." बहुतेक वेळा आभाळ यायचंच. नाही आलं तर चूक आभाळाची असायची.

हे नाक पौष महिन्यात बेल्लमपल्लीला आलं आणि माझ्या संसारावर गदा आली. मी तेव्हा कोळशाच्या खाणीवर हजेरी लिहायचो. निजामाचं राज्य, पगार त्याच्याच हाली शिक्क्यात, राहायला खाणीची खोली, आणि नुकतीच लग्न होऊन आलेली कुमुदिनी. पौषात तिथली हवा वाईट असायची, हे मीही नाकारत नाही. थंडीत घरोघरी कोळशाच्या शेगड्या पेटत आणि धूर वर जायचं नावच घेत नसे. आईनं सकाळी पदरानं नाक पुसलं, पदराकडं पाहिलं आणि निकाल दिला.

"ही हवा मानसाची नाई. मी सूनबाईले जैनथले घेऊन जातो. तुले राह्यचं तं राह्य."

"आई, ही थंडीची हवा हाय," मी म्हणालो. "उनाळ्यात येऊन पाह्य. धूर पार तिकडं जंगलात जाते."

"वैशाखात येतो. तवाबी असंच असलं तं तुवं काई ऐकनार नाई."

मला कुमुदिनी फार आवडत होती. त्या काळी बायकोबद्दल असं बोलायची रीत नव्हती, म्हणून इथं बोलून घेतो. मी संध्याकाळी काळं तोंड घेऊन घरी आलो की ती दारात उभी राहून गंभीरपणे विचारायची, "कोन पाह्यजे जी?" ती जैनथला गेली असती तर मला दारात विचारायला कोणी उरलं नसतं.

वैशाख लागला आणि आई आली. बैलगाडी, मोटार, रेल्वे असं करत आली, आणि सोबत गहू, पितळी सोऱ्या आणि बाबांचं एक पांढरंशुभ्र धोतर घेऊन आली. उन्हाळ्याचे दिवस वाया घालवणं तिला जमत नसे. हवा तपासता तपासता वर्षाच्या कुरडया करून टाकायच्या, असा बेत होता.

हवेनं मला साथ दिली. खाणीच्या बॉयलरच्या चिमणीचा धूर सकाळपासून जंगलाकडं निघून जाई. आई उठली की आधी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवायची, बोट उजेडात धरायची, हुंगायची. बोट स्वच्छ. तिचा चेहरा पडायचा. मग दाराच्या कडीवरून बोट, तेही स्वच्छ, कारण कुमुदिनी तिच्याआधी उठून सगळं घर ओल्या फडक्यानं पुसून काढत होती.

तीन दिवस गहू भिजला, चीक निघाला, शिजला. अंगणात बाजेवर धोतर अंथरून आईनं कुरडया घातल्या. अशा गोल, अशा पांढऱ्या, की शेजारच्या मास्तरांच्या दमयंतीबाई मुद्दाम पाहायला आल्या. जैनथमध्ये लग्न निघालं की रुखवतासाठी लोक जयवंताबाईच्या, म्हणजे तिच्याच, कुरडया मागायला यायचे, हे आईनं त्यांना लगेच सांगितलं.

"आत्याबाई," कुमुदिनी हळूच म्हणाली, "इथं दुपारून वारा फिरते. तवा बाज आत घेऊ."

"मले वारा शिकवू नको व," आई म्हणाली. "कुरोड्यांले ऊन लागते. कोनी हात लावू नका." आणि कावळे हाकलायला काठी घेऊन ती ओसरीवर बसली.

मी जेवायला घरी आलो तेव्हा आई काठीला टेकून गाढ झोपली होती. वारा फिरला होता. चिमणीचा धूर थेट आमच्या अंगणावरून चालला होता, कुरडयांवर काळे ठिपके पडले होते, आणि कुमुदिनी दारात उभी राहून रडत होती. आता बाज आत घेऊन उपयोग नव्हता. आईला पुरावा हवा होता, तो बाजभर वाळत पडला होता.

तेवढ्यात दमयंतीबाई कुंपणाशी आल्या. "अव मावशी, तुमच्या कुरोड्या काळ्या काऊन झाल्या?"

आई जागी झाली. तिनं कुरडयांकडं पाहिलं, चिमणीकडं पाहिलं, मग सुनेकडं. हवेला नावं ठेवायला याहून चांगली संधी नव्हती. पण धुरानं खराब झाल्या म्हणावं, तर जयवंताबाईच्या कुरडया बिघडल्या, तेही सुनेनं आधी सांगितलेलं असताना.

"काळ्या कुठं?" आई म्हणाली. "मिरे घातले हायेत."

"कुरोडीत मिरे?"

"आमच्या जैनथले घालतेत."

जैनथला असं कोणी कधीच करत नव्हतं. कुमुदिनीनं डोळे पुसले आणि नाक वर करून म्हणाली, "तरीच! मघापासून वास येऊन राह्यला."

संध्याकाळी कुरडया तळल्या. दमयंतीबाईंना मानाची पहिली दिली. त्यांनी चावली. करकर असा आवाज आला आणि त्या थबकल्या. "मिरे जाडे राह्यले वाट्टे," त्या म्हणाल्या.

"जाडेच घालावं लागते," आई म्हणाली आणि स्वतःची कुरडई न चावता गिळू लागली. मी चार खाल्ल्या. आयुष्यात एवढ्या प्रेमानं मी कोळसा कधी खाल्ला नव्हता.

निघायच्या दिवशी मी धीर करून विचारलं, "मंग आई, हवा कशी वाटली?"

तिच्या मांडीवर कुरडयांचा डबा होता. त्याच्याकडं पाहत ती म्हणाली, "हवेले काय झालं? बरी हाय." एवढं बोलताना तिला जे कष्ट पडले ते मला दिसले, पण मी आनंदानं वेडा झालो होतो.

स्टेशनवर गाडी हलली, तशी आईनं खिडकीतून हात काढून कुमुदिनीला जवळ बोलावलं.

"धुनं वाळत घातलं का वारा फिरायच्या आधी आत घेत जाय," ती म्हणाली. "अन्‌ इसरलीस, तं मिरे झटकून घेत जाय."