निघण्याआधी घटकाभर

रिम्मानं स्केटची पाती जुन्या टॉवेलनं पुसली, नाड्या एकमेकींत बांधल्या आणि सगळं बॅगेत कोंबलं. आइस हॉकी संघातल्या मुली कँटीनमधून यायच्या आत तिला सटकायचं होतं. प्रशिक्षक अर्काद्येविच सकाळी दोनच वाक्यं बोलले होते: तुझी जागा उस्तिन्याला देतोय, पुढच्या हंगामाचा करार नाही. “मुलींना दौऱ्यावरून आल्यावर सांगा,” एवढंच तिनं मागितलं होतं. रडारड, गळाभेटी तिला झेपल्या नसत्या.

पण बॅगेची चेन अडकली, आणि तेवढ्यात अख्खा संघ आत घुसला.

“काय गं म्हातारे, बॅग भरून तयार, आणि संघाचं जाकीट कुठंय?” झोया ओरडली. ही संघाची गोलकीपर. गोल अडवायची, तोंड मात्र तिला कधी अडवता आलं नाही.

“गुडघा दुखतोय. या खेपेला मी येत नाहीये.”

“तुझा गुडघा आमच्यापेक्षा वयानं मोठा आहे. घरी जा आणि कोबीची पानं बांध त्याला!”

सगळ्या हसल्या. रिम्माही हसली. घरी होतं कोण? आई गेल्यापासून तिनं मांजरसुद्धा पाळलं नव्हतं. सतत दौरे, सांभाळणार कोण? लहानपणी वेणी टोपीत खुपसून ती मुलांच्या संघात खेळली, मोठेपणी रिकाम्या खुर्च्यांसमोर. देशाच्या संघात एकदा वर्णी लागली, तीही राखीव म्हणून. तिची म्हणावीत अशी माणसं या घामट खोलीतच होती.

मुली बाकांवर बसल्या आणि एकदम गप्प झाल्या. प्रवासाला निघण्याआधी घटकाभर बसायचं आणि सर्वांत मोठी उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही, हा नेम होता. उस्तिन्या रिम्माच्या जागेवर टेकली होती. ती चटकन उठून खाली फरशीवर बसली. रिम्मा दाराशीच उभी राहिली.

“बस ना,” झोया म्हणाली. “खोळंबलोय आम्ही.”

“मी कुठं येतेय?”

“उठायचं तर तुलाच आहे.”

रिम्मा आपल्या जागेवर बसली. बाहेर बसचा हॉर्न वाजला. अर्काद्येविच तणतणत दारात आले, तिला पाहिलं, टोपी काढली आणि उपड्या बादलीवर बसले.

ती उठेपर्यंत कुणीच जाणार नव्हतं. पुन्हा हॉर्न वाजला. अजून थोडंसं, तिला वाटलं, अगदी थोडंसं. खाली उस्तिन्या नखानं स्टिकवरची पट्टी सोलत होती. पोर भेदरली होती.

रिम्मा उठली.

“चला. देव पाठीशी असो.”

बॅगा, स्टिका, धक्काबुक्की करत सगळ्या बाहेर पडल्या. झोया सर्वांत शेवटी निघाली.

“अजून थोडं बसली असतीस तरी चाललं असतं,” ती हळूच म्हणाली आणि मागं न बघता गेली.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.

रिम्मानं बॅग खांद्याला लावली. मग आठवलं, निघायचं तर तिलाही होतं. ती पुन्हा बाकावर टेकली. बस सुटल्याचा आवाज आला आणि लांब गेला. आता खोलीत सर्वांत मोठी तीच होती, सर्वांत धाकटीही तीच, आणि तिच्याच्यानं उठवत नव्हतं.