टायचे चार टाके

नाटक कंपनीत ठिणगीचं काम हसण्याचं होतं. सातव्या रांगेत, मधल्या वाटेला लागून असलेल्या खुर्चीत साध्या कपड्यांत बसायचं आणि जिथे ठरलंय तिथे सगळ्यांच्या आधी हसायचं. एक हसला की दहा हसतात, दहा हसले की सभागृह हसतं, आणि मग मुळात विनोद होता का, हे कोणी तपासत बसत नाही. त्याच्याकडे पाच प्रकारचं हसू होतं आणि प्रत्येकाला आकडा होता. एक नंबर नाकातून यायचं. पाच नंबरला खुर्चीवरून खाली घसरावं लागे. ते एका खेळात एकदाच, कारण पँट एकच होती.

खेळ होता एका गाजलेल्या सिनेमाच्या संगीत विडंबनाचा. सिनेमातला खुनी टायने गळे आवळायचा, आणि तो पाहून आल्यावर निम्म्या गावाने आठवडाभर बाथरूमचं दार उघडं ठेवून आंघोळी केल्या होत्या. विडंबनात तोच खुनी घसरती चड्डी सावरत गाणी म्हणायचा आणि दर मुडद्यामागे तुतारीवाला एक लांबलचक अपानवायू वाजवायचा. पातळी एवढीच. तरी खेळ भरून जायचे. सिनेमात ज्यांनी डोळ्यांवर हात घेतले होते, तेच आता सहकुटुंब येऊन पोट धरायचे. घाबरवल्याचा सूड उगवायला माणूस तिकीट काढूनही येतो.

मरायचं काम भावोजींचं. म्हणजे ठिणगीच्या ताईचा नवरा. एका खेळात सहा वेळा मरूनही ते रात्री जेवायला घरी यायचे, याचं ताईला कौतुक होतं. सहावं मरण सगळ्यांत मोठं. भावोजी स्टुलावर उभे राहत, गळ्यातल्या लांब टायचं टोक वरच्या पाइपला बांधलेलं असे, खुनी गात गात स्टूल लाथाडे, आणि वजन पडताच टायला मानेमागे लावलेली वेल्क्रोची पट्टी चर्र करून सुटे. भावोजी खालच्या गादीवर ढुंगणावर आपटत. तुतारी वाजे. ठिणगी पाच नंबर हसे. ताई रंगमंचाखाली कीबोर्डवर बसायची, रंगमंचाकडे पाठ करून, कारण वायर तेवढीच लांब होती.

आदल्या खेळात मात्र वेल्क्रो आधीच सुटला. स्टूल जागेवर, भावोजी स्टुलावर, आणि मधेच चर्र. सभागृहात हशा फुटला. ठिणगीने तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

“बघ,” मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, “पट्टी तुझ्यापेक्षा बरी हसवते. आणि तिला डबा लागत नाही.”

हे ठिणगीच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ताईच्या शिवणाच्या डब्यातून सुई काढली आणि वेल्क्रोवर टाके घातले. स्टूल जाईपर्यंत पट्टी गप्प बसावी, एवढाच हेतू. वजन पडलं की टाके तुटणारच होते. दोन पुरले असते. सुरक्षितता म्हणून त्याने चार घातले.

दुपारचा खेळ भरलेला होता. ठिणगीच्या शेजारी एक निवृत्त गणिताचे मास्तर बसले होते, हातात चिप्सची पिशवी.

“सिनेमा तीनदा पाहिला,” मास्तर म्हणाले. “तिन्ही वेळा बायकोचा हात धरून. हसायला तरी एकटं यावं म्हटलं.”

पाच मरणं सुरळीत पार पडली. सहाव्याला भावोजी स्टुलावर चढले आणि गाणं सुरू झालं.

“टाय बांध, टाय बांध, साहेबा तू टाय बांध, जीव गेला तरी चालेल, गाठ मात्र नीट बांध.”

ठिणगी तीन नंबर हसला. सभागृह मागोमाग हसलं. आणि हसता हसताच त्याला आपलं बोट दिसलं. उजव्या तर्जनीवर एक बारीक लाल रेघ होती. सकाळी शेवटचा टाका घातल्यावर त्याने दोरा हाताने तोडू पाहिला होता. बोट कापलं, दोरा तुटला नाही. शेवटी कात्री घ्यावी लागली होती. ताई त्या दोऱ्याने रंगमंचाचा पडदा शिवायची.

उठावं, ओरडावं, खेळ थांबवावा, असं त्याला वाटलं. पण समजा टाके तुटले तर? मग खेळ उगाच बंद पाडला म्हणून मॅनेजर त्याच संध्याकाळी त्याला हाकलणार. वजन मोठं असतं, तो स्वतःला म्हणाला. भावोजी जाड आहेत. दुसरं कडवं संपलं. सवयीने तो चार नंबर हसला. मास्तर त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हसले.

खुन्याने स्टूल लाथाडलं.

चर्र झालं नाही.

भावोजी गादीच्या वर हातभर हवेत राहिले आणि पाय झाडू लागले. पहिल्या रांगेतल्या एका बाईने टाळी वाजवली. खुन्याला वाटलं, भावोजींनी आज काहीतरी नवीन काढलंय. त्यानेही तसेच पाय झाडत नाच धरला. सभागृह हसून कोसळलं. ठिणगी मात्र पायांकडे बघत होता. भावोजींचा ताल पक्का होता, गेल्या सहा महिन्यांत त्यांचा पाय एकदाही चुकला नव्हता. हे पाय तालात नव्हते.

“थांबवा,” तो उभा राहून ओरडला. “मरतायत ते खरंच.”

लोक अजून जोरात हसले. मास्तरांनी त्याच्या शर्टाचं टोक धरलं. “तू त्यांच्यातलाच काय रे लबाडा. मला आधीच शंका आली होती.”

तो धावला. वाटेत लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते. रंगमंचावर चढून त्याने भावोजींच्या मांड्यांना मिठी घातली आणि त्यांना वर उचललं. भावोजींचा चेहरा वांग्याच्या रंगाचा झाला होता. बोटं गळ्यातल्या पट्टीखाली अडकली होती.

“काय करतोयस,” खुनी ओठ न हलवता म्हणाला, “माझं तिसरं कडवं राहिलंय.”

“टाय सोड त्यांचा.”

“ते नाटकात नाही.”

विंगेतून मॅनेजर अंगठा दाखवत होता. इतका हशा त्याने आयुष्यात ऐकला नव्हता. ठिणगीची मिठी सुटत चालली. भावोजी शंभर किलोंचे, तो पंचावन्नचा; हात सुटले की फास आवळणार.

“ताई,” तो ओरडला. हशा झाला. खाली ताईने मान न वळवता लय वाढवली. वर गोंधळ झाला की लय वाढवायची, असा तिचा शिरस्ता होता. आपल्याच नवऱ्याच्या फाशीला ती जोरात साथ देत होती.

ठिणगीला रडू फुटलं. हसण्याचे पाच प्रकार होते, रडण्याचा एकच, आणि तो लहानपणापासून बदलला नव्हता. आधी एक उचकी, मग लांब हुंदका. ताईचे हात थांबले. तिने वळून पाहिलं.

पुढचं ती एका शब्दाविना करून गेली. कीबोर्डवर पाय देऊन वर आली, स्टूल उभं केलं, त्यावर चढून नवऱ्याच्या मानेमागे तोंड घातलं आणि शिवणकाम करणारी बाई तोडते तसा दाताने एकेक टाका तोडला. चौथ्याला वेल्क्रो सुटला. तिघं गादीवर पडले. भावोजींच्या घशातून गंजलेल्या पंपासारखा श्वास आत गेला. माणूस पडला की वाजवायचं, या सवयीने तुतारीवाल्याने वाजवलं.

सभागृह उभं राहून हसत होतं.

ताईने ओठांवरचा दोरा बोटाने काढला आणि दिव्यासमोर धरला.

“हा माझ्या डब्यातला आहे.”

“हो.”

“कोणी घातला?”

“मी.”

या उत्तरालाही हशा पिकला, सुरुवात करून द्यायला कोणी नसताना. भावोजी ताईच्या मांडीवर डोकं ठेवून धापा टाकत होते आणि त्यांचा हात ताईच्या बाहीला घट्ट धरून होता.

ठिणगी उठून रंगमंचाच्या कडेला गेला. “डॉक्टर आहे का कोणी?” त्याने विचारलं. लोक डोळे पुसू लागले. मग तो नुसता उभा राहिला, ओला चेहरा घेऊन, आणि एकेकाकडे बघत राहिला. हसायला जसं कोणीतरी पहिलं लागतं, तसंच थांबायलाही लागत असणार.

मास्तर आधी थांबले. चिप्सची पिशवी त्यांच्या हातातून खाली पडली. मग त्यांच्या आजूबाजूचे दहाजण. मग एकेक रांग. टाळी वाजवणाऱ्या बाईला भावोजींच्या गळ्याभोवतीचा जांभळा पट्टा दिसला आणि तिने डोळ्यांवर हात घेतले. मागून एक माणूस “मी डॉक्टर आहे” म्हणत धावत आला. त्याच्या गालांवर अजून हसण्याचं पाणी होतं.

सभागृहात आता फक्त भावोजींच्या श्वासाचा आवाज होता.

“झालं त्यांचं हसून,” मागून ताई हळू आवाजात म्हणाली. “आता इकडे बघ.”

ठिणगी प्रेक्षकांकडेच बघत राहिला.