बहात्तरचे जवान, पस्तीसचा रणगाडा

“वाक, महेंद्रा. उभ्यानं बघशील तर नुसतं मैदान दिसेल. गाल खाली लाव, नळीच्या मागून बघ. मग कळेल, कोण कोणाला दिसतो ते.”

हा आवाज महेंद्रच्या बापाचा, राजारामचा. सैन्यात रसदीच्या गाड्या चालवणारा बाप रजेवर आला की पांगाऱ्याच्या लाकडातून रणगाडे कोरायचा आणि सारवलेल्या अंगणात पोरासोबत आडवा पडून लढाई लढायचा. बाप जाऊन वर्षं लोटली. महेंद्र स्वतः आता पंचावन्नचा झाला. पूर्णगडाहून रत्नागिरीला शाळेची पोरं नेणारी पिवळी गाडी तो चालवतो. पण रविवारी दुपारी मित्राच्या, यज्ञेशच्या, आंब्याच्या शेडमध्ये खेळाच्या टेबलाशी वाकला की तो आवाज अजून कानाशी येतो.

टेबल म्हणजे रिकाम्या पेट्यांवर टाकलेल्या फळ्या. त्यांच्यावर लाल माती चाळून पसरलेली, नारळाच्या झावळीच्या हिरांना हिरवा रंग देऊन केलेला उसाचा फड, थर्माकोलची दोन घरं. एकाहत्तरची लढाई. आज यज्ञेशकडे भारताचे सेंच्युरियन रणगाडे, महेंद्रकडे पाकिस्तानचे पॅटन.

“हा काय रणगाडा म्हणायचा?” यज्ञेशने महेंद्रच्या नव्या पॅटनवर बोट ठेवलं. “हा तर रत्नदुर्ग किल्ला उचलून आणलायस, मेल्या!”

“असू दे. तुझ्या उसात लपणार नाय, म्हणून तुझंच फावतंय.”

“फावतंय कसलं! खेळाला काही माप आहे की नाही?”

माप होतं. इतकी वर्षं दोघांचं सगळं सैन्य बहात्तरचं होतं, म्हणजे खऱ्या रणगाड्याचा बहात्तरावा भाग. तळहातावर मावणारे रणगाडे, बोटाच्या पेराएवढे जवान. या खेळात आकडा जितका लहान तितकी गाडी मोठी. दिवाळीनंतर महेंद्रने एक अठ्ठेचाळीसचा आणला. यज्ञेश कुरकुरला, पण चालवून घेतला. मग आणखी दोन आले. आणि आता हा पस्तीसचा, वीतभर लांब. बारक्या सैन्यात तो असा उभा होता, जसा गावच्या जत्रेत वाट चुकून हत्ती यावा.

“जवळचं मोठं दिसायचंच,” महेंद्र म्हणाला. “माझ्याकडचे मोठे, तुझ्याकडचे लहान. लांबवरचं मैदान वाटतं.”

“मैदान वाटतं म्हणे! अरे, माझे जवान बघ त्याच्या चाकाशी. शाळेची पोरं वाटतात, शाळेची!”

यज्ञेश स्वतःच्याच विनोदावर हसला. महेंद्र हसला नाही. त्याने पॅटन थोडा मागे सरकवला, चाकाखाली खरंच कुणी असावं तसा, हळूच.

बाहेर पहिल्या काढणीचे आंबे गड्यांनी आणून ओतले. चिकाचा तिखट वास शेडमध्ये शिरला. सड्याच्या कातळावरून गरम वारा आला आणि उसाचे हीर सळसळले.

“घे, तुझी पाळी,” यज्ञेश म्हणाला.

दोघांच्या खेळात एक रीत होती, राजारामच्या अंगणातून आलेली. तोफ डागायच्या आधी वाकायचं, गाल फळीला लावायचा, नळीमागून बघायचं आणि सांगायचं, ‘दिसतो’ किंवा ‘नाही दिसत’. जो वाकला त्याचाच शब्द. समोरच्याने उठून तपासायला जायचं नाही. फाशांवरून दोघे भांडले होते, अंतराची पट्टी धरण्यावरून आठवडाआठवडा अबोला धरला होता. या शब्दावरून कधीच नाही.

महेंद्र वाकला. समोर उसाच्या बाहेर, उघड्या लाल मातीवर यज्ञेशचा सेंच्युरियन उभा होता. लपायला काडीसुद्धा नव्हती.

“नाय दिसत,” महेंद्र म्हणाला.

“चेष्टा करतोस काय?”

“उसात घातलायस. नाय दिसत.”

यज्ञेश बोलायला गेला आणि थांबला. महेंद्रने मान एका बाजूला वळवली होती, कोंबडी दाणा हेरताना वळवते तशी. मग दुसऱ्या बाजूला. नळीच्या मागून सरळ तो बघतच नव्हता. गेले कित्येक रविवार तो असाच बघत होता, हे यज्ञेशला आता, या क्षणाला कळलं.

त्याने हात लांब करून आपला सेंच्युरियन अलगद उचलला आणि मांडीवर ठेवला. समोर मोकळी माती राहिली.

“मी जरा पुढे घेतलाय,” यज्ञेश म्हणाला. आवाज त्याने सारखा ठेवला. “आता बघ.”

महेंद्र बराच वेळ वाकून राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला.

“हां,” तो म्हणाला, “आता दिसतो.”

बाहेर गडी आंबे निवडत होते, त्यांची बडबड तेवढी आत येत होती. यज्ञेशने मांडीवरचा रणगाडा उचलून महेंद्रच्या हातात दिला. महेंद्रने बोटांनी तो चाचपला, बुरूज, नळी, पट्टे. त्याच्या बोटांना ते ओळखायला वेळ लागला नाही.

“कशाला असलं खेळतोस माझ्याशी,” तो पुटपुटला.

“मी खेळलो? तू खोटं बोललास, महेंद्र. इथे वाकून.” यज्ञेश उठून त्याच्या बाजूला आला. “डॉक्टरकडे गेला होतास?”

“गेलो होतो.”

“काय म्हणाले?”

“डोळ्याचा पडदा झिजलाय. मधला. कडेचं सगळं दिसतं रे, समुद्र दिसतो, माड दिसतात. ज्याच्याकडे बघावं तेवढंच जातं.” त्याने हातातला रणगाडा उगाच पालथा केला. “गाडी बंद करा म्हणाले.”

“आणि तू उद्या गाडी काढणार आहेस?”

“वाट पाठ आहे मला. पावसचा उतार, गोळपचं वळण, भाट्याचा पूल. डोळे मिटून नेईन.”

“वाट पाठ असेल. वाटेत येणारं पोर कसं पाठ करशील?”

महेंद्रने हातातला रणगाडा चाचपत फळीवर ठेवला.

“तू सांगतोस, की मी जाऊन सांगू?” यज्ञेशने विचारलं.

“तू नको,” महेंद्र म्हणाला. “तू नको सांगू.” आणि आपलं सैन्य टेबलावर तसंच सोडून तो उतरणीने घरी निघाला.

पायाखालची दगडी पायऱ्यांची पाखाडी पायांना ठाऊक होती. डाव्या हाताला खाडी चकाकत होती, उजव्या हाताला काजूची झाडं होती, आणि मध्ये, जिथे वाट असायला हवी तिथे, धुराची एक गोळी त्याच्याबरोबर चालत होती. तो थांबला की ती थांबायची. गेल्या आठवड्यात भाट्याच्या पुलाचा कठडा त्याला ओल्या दोरीसारखा वाकडा दिसला होता. पोरांचे चेहरे तर कधीच पुसले होते. आवाजावरून तो पोरं ओळखायचा. आणि परवा फणसोपच्या अलीकडे चाकाखाली काहीतरी आलं होतं. मऊ, मग कडकन मोडणारं. त्याने गाडी उभी केली, पण तो उतरला नाही. मागच्या बाकावरची योगिनी खिदळली होती, “मामा, चुडत होता! माडाची झावळी!” पोरं हसली. तोही हसला. भाट्यापर्यंत मात्र त्याने गाडी दुसऱ्या गियरमधून काढलीच नाही.

घरी ओटीवर सुंदराबाई, त्याची आई, तांदूळ पाखडत बसली होती. नवरा सरहद्दीवर असताना रचलेली ओवी ती अजून सुपाच्या तालावर म्हणे:

वाट लाल ग मातीची, वाट सापाच्या चालीची
हाक येऊ दे कानाशी, माझ्या गाडीवाल्याची

“आई, बस झाली आता ती ओवी,” महेंद्र म्हणाला.

“का रे? तुझ्या बापासाठी म्हणत होते, आता तुझ्यासाठी म्हणते. गाडीवालाच ना तू?”

आतून स्नेहल, त्याची बायको, पदराला हात पुसत आली. “आज लवकर आलात? भांडलात वाटतं दोघं म्हातारे?”

“नाय.”

“मग जिंकलात?”

“नाय ग.”

तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. काय पाहिलं ते त्याला दिसलं नाही. तिच्या कपाळाच्या जागी धूर होता, कडेला केस होते, कानातलं हलत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि आता ही बाई रागावली आहे की हसते आहे, ते तिने बोलल्याशिवाय त्याला कळत नव्हतं.

“उद्या नेहमीसारखा उठवू ना?” तिने विचारलं.

“उठव.”

सकाळी तो उठला, दाढी केली, खाकी शर्ट घातला. गाडीची किल्ली खुंटीवरून काढली, हातात धरली आणि परत अडकवली. “चालत चाललात?” स्नेहलने विचारलं. तो “होय” म्हणाला आणि निघाला.

थांब्यावर पोरांचा कालवा होता. दप्तरं, डबे, पाण्याच्या बाटल्यांचे आवाज. मासळीची पाटी डोक्यावर घेतलेली काशी योगिनीला सोडायला आली होती. लेक गाडीत बसली की ती बाजाराची वाट धरायची.

“काय हो महेंद्रभाऊ, गाडी कुठं ठेवलात? की आज पोरांना खांद्यावर नेताव?”

बाकीच्या आया हसल्या.

“गाडी घरी ठेवलीय, काशी. आजपासून माझ्या गाडीत पोरं घालू नका. मला समोरचा दिसत नाय.”

“डोळे आलेत? मग थेंब घाला नि झोपा दोन दिवस.”

“आले नाय. गेले. डॉक्टरांनीच गाडी बंद करायला सांगितलीय.”

हसणं थांबलं. कुणीतरी आपल्या पोराला नावाने हाक मारून जवळ बोलावलं. काशीने पाटी उतरवून बांधावर ठेवली. तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता. कडेने तिचा हात तेवढा दिसला. तो योगिनीच्या डोक्यावर गेला, तिथेच राहिला.

“कधीपासून?” काशीने विचारलं.

शिमगा, असं त्याच्या ओठांवर आलं. शिमगा होऊन आठपंधरा दिवस झाले होते. तेवढं कुणीही पोटात घातलं असतं. वर ‘वेळेवर सांगितलात हो’ म्हणून चहासुद्धा पाजला असता. पावसाळ्यातले शेवटचे ढग, हिवाळ्यातलं धुकं, सहलीचा दिवस, रोजचा पूल, यातलं काहीच मग कुणी आठवून पाहिलं नसतं.

“महेंद्रभाऊ, कधीपासून?”

“गणपतीपासून,” तो म्हणाला.