भुताच्या डोक्यावर हात

उमरीजवळच्या आमच्या गावात सिनेमावाले आले, तेव्हा बघायला सगळ्यात पुढं आमचे हे, शेषेराव. त्यांना म्हाताऱ्या बापाचं काम मिळालं. आमचा दयानंद लढाईत गेला, हे त्या लोकांना सांगायचं नाही, अशी मला यांची तंबी होती.

लढाई पेटली तेव्हा दयानंद सुट्टीवर होता. माघारी बोलावणं आलं. आजारी हाय म्हणून कळव, असा यांचा हट्ट, पोरगा ऐकेना. निघताना तो पाया पडायला वाकला आणि यांनी रागानं पाय ओढून घेतले. मग तो तिरंग्यातच आला. त्यावरून मी यांना उठता-बसता टोमणे मारलेत.

सिनेमात लढाईत पडलेल्या जवानांची भुतं घरी येऊन निरोप घेतात आणि मोकळी होतात. बाप ओट्यावर शेंगा फोडतोय, भूत पाया पडतं, बापाला पत्ता नाही. एवढंच काम.

वर्दीतला पोरगा वाकला आणि यांचा हात सरळ त्याच्या डोक्यावर गेला.

"काका, तो तुम्हाला दिसत नाही," दिग्दर्शक हसून म्हणाला.

"हाव, चुकलं."

पुन्हा तेच. मग हात गुंतावेत म्हणून शेंगांचं सूप मांडीवर दिलं. शेंगा सांडल्या, हात डोक्यावरच. बायका पदराआड हसत होत्या. मला हसू आलं नाही.

दिग्दर्शक जवळ येऊन बसला. "असं करू काका. तो वाकला की तुम्हाला गार वारा लागतो. तुम्ही नुसते पाय ओढून घ्या."

यांनी सूप खाली ठेवलं. "ते न्हाई जमायचं, साहेब. ते मी एकदा केलंय." आणि उठले.

यांच्या जागी उमाशंकर शिंप्याला बसवलं. त्यानं पहिल्याच वेळी पाय ओढून घेतले. टाळ्या पडल्या. भूत दारातून बाहेर पडलं, मोकळं झालं. आमच्या यांना इतकं टोचायला नको होतं मी.

आता टोमणे बंद केलेत. हे मात्र तासन्‌तास ओट्यावर पाय खाली सोडून बसतात. पाय सुजतात.

"वर घ्या की पाय," मी म्हणते.

"राहू दे," म्हणतात, "कुणी आलं तर?"