काखेतला हात

वडिलांचं सुतारकामाचं दुकान ठेवायचं की विकायचं, यावरून दोघा भावांचं बिनसलं आणि बोलणंच बंद झालं. मधली बहीण मात्र दोघांकडे जेवायची आणि दोघांचीही गाऱ्हाणी ऐकून घ्यायची.

ती संग्रहालयात जुनी रेखाटनं सांभाळायची. झुंजीच्या चित्रांचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि एका कागदाने तिचं डोकं खाल्लं होतं. लाल खडूत काढलेले दोन उघडे गडी एकमेकांना भिडलेले. वरच्याचा उजवा हात चित्रकाराने दोनदा काढलेला: आधी खालच्याच्या गळ्यावर, पुसट, मग त्याच्या काखेत, ठसठशीत. हाती आलेला गळा सोडून हा काखेत हात का घालेल?

तिने दोघांना वेगवेगळा फोन केला. "माझं काम अडलंय, ये." चित्र हा निम्मा बहाणा होता.

"ताई, हा इथे कशाला?" धाकट्याने दारातच विचारलं.

"तू आलास त्याच कामाला."

"याला सांग, मला वेळ नाही," थोरला भिंतीकडे बघत म्हणाला.

"मग लवकर भिडा. दादा, तू वर."

कुरकुरत शर्ट निघाले. "चित्रातल्या गड्यांना अशी पोटं नाहीत हं," ती म्हणाली. कोणीच हसलं नाही. आज हे फसलं, तर दोघं पुन्हा एका खोलीत यायचे नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

धाकटा एक गुडघा टेकून मागे झुकला. थोरल्याने नाइलाजाने त्याच्या गळ्यावर हात ठेवला. तेवढ्यात धाकट्याचा पाय फरशीवरून सटकला. तो कोसळणार, तोच थोरल्याचा हात गळ्यावरून सुटला आणि काखेत शिरला.

"पाय रोव की, गाढवा! डोकं फुटलं असतं!"

"आधी तू दाढी कर. टोचतेय."

बहीण कागदाकडे बघत राहिली. त्या चित्रकारासमोरही कोणी असंच घसरलं असेल का? खात्रीने कोण सांगणार? पण असं झुकलेल्या माणसाला वरच्याने सावरलं नाही, तर झुंज पुढे चालणार नाही, एवढं तिला समोर दिसत होतं.

"झालं का गं?" थोरल्याने विचारलं.

झालं होतं. "अजून थोडं," ती म्हणाली.

"दमलास का रे दादा?" धाकट्याने खालून विचारलं.

"वजन बघ तुझं. खातोस काय एवढं?"

"ये घरी, दाखवतो."

थोरल्याने हात काढला नाही. उलट पकड जरा नीट केली. बहिणीने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं, अगदी सावकाश.